औषध प्यालेली नदी

मांजरा नदी आपल्या बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. कर्नाटक आणि तेलंगणातून लांबचा वळसा घालून ती नांदेडच्या सीमेवर पुन्हा आपल्याकडे येते आणि गोदावरीला मिळते. पण माहेरी परतताना तिच्या ओटीत काय काय पडते?

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषधांचे कारखाने आहेत. सुमारे नव्वद कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक शुद्धीकरण केंद्रात जाई आणि तेथून ओढ्यांवाटे मांजरेत. या 'शुद्ध' पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघाले. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते! दिवसाला अंदाजे ४५ किलो औषध असे वाहून जात होते.

अशा पाण्यात दुबळे जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात, वाढतात. शिवाय ही विद्या ते स्वतःपाशी ठेवत नाहीत. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्याशा कड्यावरून ती शेजाऱ्याला देतात, मग तो परजातीचा का असेना. (या बाबतीत जिवाणू आपल्यापेक्षा उदार!) त्याच कड्यावर पुष्कळदा पारा, तांबे, कॅडमियम यांच्यापासून बचाव करणारी जनुकेही असतात. त्यामुळे ज्या नदीत औषधाचा थेंब नाही, पण धातूंचे सांडपाणी आहे, तिथेही धातूशी झुंजताना औषधाविरुद्धचे हत्यार जिवाणूंच्या हाती आयतेच राहते. औषध कधीतरी विघटित होते. धातू मात्र गाळात वर्षानुवर्षे बसून राहतो.

गोळ्या अर्धवट सोडणारा रोगी आणि उठसूट प्रतिजैविके लिहून देणारा डॉक्टर यांना आपण बोल लावतो. तो खोटा नाही. पण घरात आईने मुलाला सगळ्या गोळ्या वेळेवर दिल्या, तरी नदीकाठच्या या कारखानदारीपुढे तिचे काय चालणार? जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून नेमक्या त्याच मर्यादा गळाल्या. स्वस्त गोळीचे आपल्याला कौतुक आहे, ते असावेही. पण तिच्या किमतीत सांडपाण्याचा खर्च धरलेला नसेल, तर तो उद्या कुणाच्या तरी न भरणाऱ्या जखमेतून वसूल होणार. त्या मर्यादा पुन्हा घातल्या पाहिजेत, आणि मोजणी नुसत्या पाण्याची नको, तळाच्या गाळाचीही हवी.