नांदेडचा खड्डा मंडणगडात

सांडपाण्याचा विषय ग्रामसभेत निघाला की शोषखड्ड्याचे नाव निघते. त्यात चूक नाही. नांदेड जिल्ह्यातल्या अनेक गावांनी घराघरांत असे खड्डे घेतले, उघड्या गटारांची गरजच संपवली आणि तो पॅटर्न राज्यभर गेला. पण नांदेडचा पाऊस आणि मंडणगडचा पाऊस एक नव्हे. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. जुलैत विहिरी काठोकाठ येतात, जमिनीखालचे पाणी खड्ड्याच्या तळाला येऊन टेकते. भरलेला खड्डा शोषणार काय?

त्यात आपला जांभा. त्याच्या भोकांतून, भेगांतून पाणी सरसर पुढे जाते. मातीतून झिरपताना ते जसे गाळले जाते, तसे इथे होत नाही. वरच्या वाडीने मुरवले ते खालच्या वाडीच्या विहिरीत उतरते. न्हाणीच्या पाण्याचे एक वेळ चालेल. सेप्टिक टाकीचे काय? टाकीत मैला तळाला बसतो, थोडाफार कुजतो एवढेच, बाहेर पडणारे पाणी रोगजंतूंसह पडते. गणपतीत चाकरमानी आले की चार माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर पंधरा जणांचा भार येतो, तोही जमीन चिंब असताना. वेळासला कासवे पाहायला येणाऱ्यांमुळे घरोघरी न्हाणीघरे वाढली. तिथे निदान हंगाम उन्हाळ्याकडचा आहे.

पैसा अगदीच नाही असे नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत लोकवस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद ठरली. हजार वस्तीला 2 लाख 80 हजार. यात सांडपाणी यंत्राने शुद्ध करणारा प्रकल्प बसत नाही, आणि नाही बसत तेच बरे. त्याचे वीजबिल ग्रामपंचायतीने भरले नसतेच.

आपल्या आज्ज्या न्हाणीचे पाणी केळी-अळवाला आणि माडाच्या आळ्यात सोडत. तीच रीत जरा नीट बांधून काढावी. आधी छोटी गाळटाकी, म्हणजे भाताचे शीत, माशाचे तेल तिथेच अडेल. पुढे खडी-वाळूचा वाफा, त्यात कर्दळ. वाफ्याला बांध, म्हणजे पागोळ्यांचे पाणी आत शिरणार नाही. कोकणात उतार फुकट मिळतो, पंप नको. अंगण नसलेल्या दाट आळीत चार-सहा घरांचा एक सामाईक वाफा चालेल. मात्र गाळटाकी कोण उपसणार, हे बांधण्याआधी ठरवा. नाहीतर शिमग्यापर्यंत ती तुंबलेली असेल.

सेप्टिक टाक्यांचा प्रश्न वाफ्याने सुटत नाही. त्या दोन-तीन वर्षांनी उपसायलाच लागतात. आपण मात्र टाकी वर येईपर्यंत झाकण उघडत नाही. साताऱ्यातल्या वाईने पाळी लावून टाक्या उपसायला घेतल्या आणि त्या मैल्यावर प्रक्रियेची सोय केली. मंडणगड नगरपंचायतीने हेच करावे आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनाही त्यात घ्यावे. एकेका गावाला मैल्याची गाडी परवडणार नाही.

तुमच्या गावच्या आराखड्यात नुसते ‘शोषखड्डे’ लिहिलेले दिसले, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एवढेच विचारा : या जागेवर जुलैत पाणी किती हातांवर लागते? उत्तर आल्याशिवाय ठरावावर सही करू नका.