मुलाच्या घरची भाषा बंद करू नका



मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात दकापलीस प्रांतातली एक घटना आहे. दकापलीस म्हणजे दहा नगरांचा मुलूख, सरहद्दीवरचा. ग्रीक बोलणारे आणि अरामी बोलणारे एकाच बाजारात. आपल्या निपाणीसारखंच म्हणा ना. तिथे लोकांनी येशूकडे एक माणूस आणला. त्याला ऐकू येत नव्हतं आणि बोलणं अडखळत होतं. येशूने काय केलं ते क्रमाने वाचा. आधी त्याला गर्दीतून बाजूला घेतलं. मग शब्दाच्या आधी हातांनी दाखवलं: कानांना स्पर्श, जिभेला स्पर्श, वर आकाशाकडे नजर. आणि त्यानंतर एकच शब्द, एफ्फाथा. मार्कने आपलं शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिलं, पण हा शब्द त्याने अरामीतच राहू दिला. येशूच्या घरी जी भाषा बोलत, तिच्यातला तो शब्द.

हा माणूस ऑटिस्टिक होता असं मला म्हणायचं नाही. ऑटिझम चंगाई सभेत बरा होणारा आजार आहे, असं तर मुळीच म्हणायचं नाही. म्हणायचंय ते एवढंच की ज्याला बोलणं जड जातं त्याच्याजवळ कसं जावं, हे इथे दिसतं. आणि आपण नेमकं उलटं करतो. मुलाला गर्दीत बसवतो, हातांनी काही दाखवत नाही, नुसतं बोलत राहतो, आणि तेही त्याच्या घरी कोणी बोलत नाही अशा भाषेत.

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईवडिलांना एक सल्ला हमखास मिळतो. घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा, शाळा इंग्रजी आहे तर इंग्रजीच बोला. कधी शाळेतून मिळतो, कधी दवाखान्यात, आणि नात्यातल्या शहाण्यांकडून तर न मागता. देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मुलाला आधीच बोलायला त्रास, त्यात घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, चर्चमध्ये कोकणी. मग गोंधळ होणारच, असं त्यांना वाटतं. ऐकायला पटतं. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो देणं आता थांबलं पाहिजे.

दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. कॅनडात मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१२ साली एका भाषेत वाढणारी आणि दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुलं तपासली. दोन भाषांमुळे बोलणं आणखी मागे पडल्याचं त्यांना दिसलं नाही. नंतरच्या अभ्यासांचाही कल तोच आहे. मूल उशिरा बोलतं ते ऑटिझममुळे. एका भाषेच्या घरातलं ऑटिस्टिक मूलही उशिरा बोलतंच की!

आता या सल्ल्याने घरात काय होतं ते बघा. आई वखारीतून तंबाखूचा वास घेऊन दमून येते. तिला इंग्रजी येतं ते ‘कम’, ‘सिट’, ‘नो’, ‘गुड बॉय’ एवढंच. मराठी बंद केल्यावर तिच्याकडे मुलासाठी फक्त हुकूम उरतात. लाडाचं बोलणं गेलं, चिडवणं गेलं, झोपवतानाची बडबड गेली. आजी तर गप्पच झाली, कारण तिला बोलायला मनाई. परदेशात स्थलांतरित आयांशी बोलून झालेल्या अभ्यासांतही हेच आढळलं: परक्या भाषेत आई कमी बोलते, कोरडं बोलते. ज्या मुलाला माणसांशी जोडून घेणं सगळ्यात अवघड जातं, त्याच्या भोवतीची माणसंच आपण मुकी केली. वर तक्रार करायची की तो कोणात मिसळत नाही.

भावना ओळखणं हे या मुलांना शिकावं लागतं. पुष्कळदा पोटात काय होतंय ते राग आहे, भूक आहे की भीती, हे त्यांना स्वतःला कळत नाही. त्याला नाव द्यायचं असतं आणि नाव त्याच क्षणी द्यायचं असतं. मूल कोपऱ्यात जाऊन बसलं की आजी म्हणते, रुसलास होय? चेहरा पडला की, हिरमुसलास. पाहुणे आले की, लाजतोस काय गा? एकेका प्रसंगाला एकेक शब्द, आणि प्रत्येक वेळी तोच. ‘रुसणं’ इंग्रजीत कसं सांगाल? राग नाही ते, दुःखही नाही. रुसण्यात समोरच्याने येऊन समजूत काढावी ही अपेक्षा असते, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या मनाचा विचार असतो. सामाजिक कौशल्य सामाजिक कौशल्य म्हणून ज्याचे महागडे वर्ग लावतात, ते हेच. आणि आपण ‘हॅपी’, ‘सॅड’, ‘अँग्री’ असे तीन चेहरे छापून भिंतीला चिकटवतो.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळा दार वाजवतो, चिमणी काहीतरी कारण सांगून त्याला थांबवते, कावळा पुन्हा वाजवतो. दर वेळी तोच साचा. ऑटिझम असलेल्या मुलाला साचा आवडतो, पुढे काय येणार हे ठाऊक असलं की त्याला सुरक्षित वाटतं. तीच गोष्ट शंभरदा सांगा. एक दिवस आजी चिमणीच्या वाक्याआधी थांबते आणि मूल ते वाक्य पुरं करतं. एकदा तू, एकदा मी. संभाषण म्हणजे दुसरं काय असतं? मूल नुसती पोपटपंची करतंय असं कोणी म्हणेल. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं हे अनेकदा त्या मुलाचं बोलणंच असतं, हे अमेरिकेतल्या बॅरी प्रिझंट यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलं आहे. ‘दार उघड’ म्हणणाऱ्या मुलाला कदाचित बाहेर जायचं असतं. हे कळायला ती गोष्ट ऐकणाऱ्यालाही माहीत असावी लागते.

एक खुलासा करते, कारण आपल्याकडे भाषेचा विषय निघाला की लगेच १ नोव्हेंबर आठवतो. हे मराठीचं आंदोलन नाही. घर कन्नड असेल तर कन्नड, कोकणी असेल तर कोकणी, उर्दू असेल तर उर्दू. मराठी घरातलं मूल शेजारच्या अक्कांकडून ‘साकू’ आणि ‘बेडा’ शिकून आलं, तर देवाचे आभार माना. पुरे आणि नको हे दोन शब्द मिळाले म्हणजे निम्मं रडणं थांबतं. राज्यघटनेचं कलम ३५० क १९५६ साली, राज्यांची पुनर्रचना झाली त्याच वर्षी आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं ते सांगतं. त्या कलमावरून आपण सीमाभागात किती भांडलो! मग सगळ्यात दुबळ्या मुलाची मातृभाषा घरातल्या घरात, आपल्याच हातांनी कशी काय बंद करतो?

शाळेची भाषा नको असं नाही. ती यावीच. पण आठ शब्द बोलणाऱ्या मुलाचे ते आठ शब्द पुसून नव्याने पाटी भरायची, हा कुठला हिशोब? आणि ज्यांना शब्द येणारच नाहीत त्यांच्यासाठी चित्रं आहेत, हातांच्या खुणा आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. बोलण्याला जोड म्हणून अशी इतर साधनं वापरण्याला उत्तेजन द्यावं, असं त्याचं कलम १७ म्हणतं. चित्राखाली लिहायचा शब्द मात्र घरचा असू द्या.

आता चर्चकडे वळते, कारण हा लेख शाळेच्या मुख्याध्यापकांपेक्षा तुम्ही जास्त वाचणार आहात. मिस्सात मूल ओरडलं की माना वळतात. आई उठते, त्याला घेऊन बाहेर पायरीवर बसते, आणि तीन-चार रविवारांनंतर यायचीच बंद होते. घरी मग कोणीतरी जाऊन सांगतं की तुमच्या हातून काही पाप घडलं असेल, उपास धरा. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हाच प्रश्न विचारला होता, याने पाप केलं की याच्या आईबापांनी. दोघांपैकी कोणीही नाही, असं येशूने स्पष्ट सांगितलं. डॉक्टरही एके काळी यातून सुटले नव्हते. मुलाचा ऑटिझम आईच्या थंडपणामुळे होतो, असं गेल्या शतकात मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. ते केव्हाच खोटं ठरलं. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनला ऑटिझमवरची परिषद भरली तेव्हा या कुटुंबांचा एकटेपणा आणि त्यांच्यावरचा कलंक दूर करा असं आवाहन केलं. आपण अजून माना वळवतोय.

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक. २०१२ साली त्यांनी मांडलं की समजण्यातली अडचण दोन्हीकडून असते. त्याला आपण कळत नाही तसे आपल्यालाही तो कळत नाही. मग शिकायचं सगळं त्यानेच का? ‘स्वमग्न’ हा मराठी शब्द मला म्हणूनच खटकतो. आपल्याला त्याचं कळत नाही, आणि नाव त्याला ठेवतो.

थोडं आपणही शिकू या. मिस्साला काय काय होतं याची सात-आठ चित्रं एका पट्टीवर लावता येतात: दार, पवित्र पाणी, बाक, गाणं, घंटा, पुन्हा गाणं, घर. घंटा वाजणार असेल तर आधी त्या चित्रावर बोट ठेवा, हवं तर कान झाका. शांतीच्या वेळी आपण हात जोडतो हे बरंच आहे. ज्याला स्पर्श सहन होत नाही त्यालाही ते जमतं. बाक दर रविवारी तोच, दाराजवळचा. बाहेर पडावंसं वाटलं तर पडता यावं आणि परत येताना कोणी बघू नये.

कॅटेकिझमच्या वर्गासाठी मी एक साधी वही सुचवते. आईला विचारून लिहायची. तो काय म्हणतो किंवा करतो, त्याचा अर्थ काय, आणि तेव्हा घरी कोणता शब्द वापरतात. कान झाकले म्हणजे ‘आवाज लई झाला’. ‘गाडी गाडी’ म्हटलं म्हणजे घरी जायचंय. वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाने ती वाचायची आणि तेच शब्द वापरायचे, त्याच बोलीत, शुद्ध-अशुद्ध न बघता. एका मुलामागे एक स्वयंसेवक, आणि दर आठवड्याला तोच.

मराठी येणारे स्वयंसेवक मिळाले आहेत. कन्नड आणि कोकणी घरांतल्या मुलांसाठी अजून दोघे हवे आहेत. अनुभव नसला तरी चालेल, पण रविवार चुकवून चालणार नाही. रविवारी मिस्सानंतर मागच्या दाराशी भेटा.