अर्जुनीला सर्व्हर हवा, रॅक नको

‘अर्जुनी मोरगावात सर्व्हर? काय ठेवणार त्यात, धानाचा हिशोब?’ पुण्यातल्या मित्रानं हे विचारलं तेव्हा मी हसून सोडून दिलं. आज सोडणार नाही. गावाकडं साठवून ठेवण्यासारखं काही नसतं, ही त्याची चूक. आणि सर्व्हर म्हणजे डेटा सेंटरमधला तो लांबलचक लोखंडी डबा, ही माझी चूक. माझी जास्त महाग पडली. तिला सव्वीस हजार रुपये लागले.

आधी त्याच्या चुकीबद्दल. दिवाळी संपली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार, नाहीतर वडशाहून आलेल्या कंपनीचं नाटक. झाडीपट्टीतलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि हल्ली समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या हातात फोन असतो. म्हणजे आमच्या रंगभूमीचं इतकं चित्रण आधी कधीच झालं नव्हतं. आणि ते इतक्या वेगानं हरवतही नव्हतं. फोनवर फुल एचडीत तासभर चित्रण केलं की सात-आठ जीबी जातात. गूगलच्या फुकट पंधरा जीबीत दोन तास मावतात. तेवढ्यात आमच्याकडं नाटक रंगायला लागतं. मग पोरं जुनं पुसतात आणि नवं घेतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं इतकं दाबून जातं की दंडारीतल्या नाच्याचे पाय दिसत नाहीत, नुसता धूसर डाग हलतो.

‘मग टाक की ऑनलाइन.’ टाकलं होतं. पेटीवर जुन्या सिनेमाची चाल वाजली म्हणून एका मोठ्या व्हिडिओ साइटनं अख्खा प्रयोग बंद केला. दाद मागायला समोर माणूस नव्हता, एक फॉर्म होता. तुमच्यापैकी किती जणांनी ऑर्कुट पाहिलंय? ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. मायस्पेसनं २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर बदलताना लोकांनी बारा वर्षं चढवलेली गाणी गेली. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली, हे तर आपल्या सगळ्यांच्या फोनवर झालं. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. घर भाड्याचं होतं, एवढंच. फक्त भाडेपट्टा कुणी वाचला नव्हता.

म्हणून स्वतःचं यंत्र. इथपर्यंत मी बरोबर होतो आणि अजूनही आहे.

मग मी व्हिडिओ पाहायला लागलो. तुम्हीही पाहिले असतील. निळ्या दिव्यांची खोली, मागं रॅक, पुढं हसरा तरुण: ‘डेटा सेंटरमधून निघालेला सर्व्हर, चोवीस कोर, १२८ जीबी रॅम, साध्या लॅपटॉपच्या किमतीत!’ यात खोटं काही नाही, म्हणूनच ते घातक आहे. हा माल स्वस्त का असतो, ते मात्र तो तरुण सांगत नाही. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी यंत्रं बदलतात, कारण त्यांना वीज आणि जागा यंत्रापेक्षा महाग पडते. त्यातली रॅम घरच्या कॉम्प्युटरला बसत नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती मातीमोल. ज्या यंत्राची वीज शेकडो कोटींच्या कंपनीला परवडली नाही, ते मी अर्जुनीत माझ्या मीटरवर लावायला निघालो होतो!

दिल्लीच्या एका विक्रेत्याकडून मागवलं. २०१२ च्या सुमाराचं मॉडेल, टू-यू, म्हणजे साडेतीन इंच जाड. रुंदी एकोणीस इंची रॅकच्या मापाची आणि लांबी मात्र जवळजवळ पाऊण मीटर. ही लांबी फोटोत कधीच दिसत नाही. गोंदियापर्यंत ट्रान्सपोर्टनं आलं, तिथून बल्लारशाच्या गाडीत आम्ही दोघांनी धरून आणलं. कपाटात मावेना म्हणून पलंगावर ठेवलं. बटन दाबल्याबरोबर सगळे पंखे एकदम पूर्ण वेगानं फिरले. आई धावत आली.

‘राईस मिल काहाले आनलास रे घरी, बाबू?’

पंखे थोडे खाली आले, गप्प झाले नाहीत. ते गप्प बसण्यासाठी बनलेलेच नाहीत. डेटा सेंटरमध्ये त्यांच्याशेजारी कुणी झोपत नसतं.

आता विजेचं गणित करा, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहेच. काहीही काम नसताना ते यंत्र १२० वॉट खात होतं. चोवीस तास, तीस दिवस: ८६ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिले शंभर युनिट स्वस्त, पुढं दर एकदम चढतो. आमचं घर त्या शंभराच्या आत निवांत बसायचं. या पाहुण्यानं आम्हाला उचलून वरच्या टप्प्यात नेऊन ठेवलं. वर त्याला पेलणारा यूपीएस वेगळा. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांवर वीज कडाडली की प्लग काढायला धावायचं ते वेगळं. आणि मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली १२० वॉटचा हीटर. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था आपली यंत्रं सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका जुन्या चर्चमध्ये ठेवते आणि त्यांच्या उष्णतेनं इमारत ऊबदार राहते. छान आहे. त्यांनी उन्हाळ्यात नवेगावबांधला यावं.

आणि हे सगळं कशासाठी? फाइल ठेवायची, मागितली की द्यायची. या कामाला चोवीस कोर लागत नाहीत. चार पुरतात, त्यातले तीन झोपा काढतात.

तोटा सोसून तो डबा विकला. त्याच्या जागी ऑफिसातून निघालेला एक छोटा जुना डेस्कटॉप घेतला. त्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क, एकीवरचं सगळं दुसरीवर. तिसरी प्रत मामांच्या घरी, कारण आग आणि वीज दोन्ही डिस्क एकदम नेऊ शकतात. २०२१ च्या मार्चमध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांची प्रत त्याच इमारतीत होती त्यांचं सगळं गेलं. माझं यंत्र २५ वॉटवर चालतं, महिन्याला १८ युनिट. लिनक्स फुकट आहे. बाहेरगावाहून ते उघडत नाही, कारण आमचं कनेक्शन स्वतंत्र पत्ता देत नाही. एकच पत्ता अनेकांत वाटलेला असतो. सुरुवातीला याचं वाईट वाटलं. मग लक्षात आलं की मला जगभर पोचायचंच नव्हतं. राउटरच्या टप्प्यात या, फोन जोडा, हवं ते घेऊन जा. डेटाही खर्च होत नाही.

एक आक्षेप मला टाळता येत नाही: मी नोकरीसाठी नागपूरला गेलो तर हे कोण बघणार? बारावीतल्या दोघांना डिस्क बदलायला शिकवलंय. तेही जातील. म्हणून यंत्र असंच हवं की पुढच्या पोराला ते तालुक्याच्या दुकानातून आणलेल्या सुट्या भागांवर चालवता यावं. रॅकच्या यंत्रातलं रेड कार्ड बिघडलं असतं, तर दिल्लीचा विक्रेता फोनही उचलणार नव्हता.

आणि उद्या तुमच्या वाचनालयात ‘डिजिटल’च्या नावाखाली कुणी रॅक, एसी आणि भलंमोठं कोटेशन घेऊन आलं, तर त्याला आधी विचारा: चालू ठेवल्यावर महिन्याला युनिट किती? आकडा कागदावर लिहून घ्या.

गेल्या आठवड्यात एक मुलगा आला. त्याचे आजोबा दंडारीत ढोलकी वाजवायचे, दोन वर्षांपूर्वी गेले. चाळीस मिनिटांचं चित्रण आहे, आजोबा डाव्या कोपऱ्यात अर्धेच दिसतात. फाइल उतरेपर्यंत तो आमच्या ओट्यावर बसून होता. आईनं त्याला चहा दिला, आणि आत यंत्र चालू आहे की बंद, हे मला येऊन विचारलं.