सोपें गाण्याचा अपराध

विद्वान् मनुष्य सोपें बोलूं लागला कीं लोक दोन तर्क करितात. एक, याची विद्या संपली. दुसरा, याला पैशाची गरज पडली. तिसराही तर्क संभवतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. गेल्या महिन्यांत आमच्या घरीं याच प्रश्नावर वाद जुंपला, आणि त्याला निमित्त झाली इंग्रजी गाण्यांची एक तबकडी. शब्दरूपावली घोकण्यांत व घोकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याचा अशा तबकडीशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. तो सांगावा म्हणूनच आजचें हें टिपण.

तबकडीचें नांव 'एशिया', आणि ती गाणाऱ्या मंडळाचें नांवही 'एशिया'च. नांव आपल्या खंडाचें असलें तरी चौघेही गृहस्थ इंग्लंडचे. १९८२ च्या मार्चमध्यें ती प्रसिद्ध झाली. आमच्या पुतण्याला जुन्या तबकड्या जमविण्याचा नाद आहे. एका रविवारीं दुपारीं त्यानें ती माजघरांत लावली आणि लगेच आम्हांस बजावलें, "काका, यावरून ह्यांची परीक्षा करूं नका. हें त्यांनीं रेडिओसाठीं केलेलें बाजारी काम. ह्यांची खरी विद्या आधींच्या तबकड्यांत आहे."

त्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें. चौघांपैकीं स्टीव्ह हाऊ हे गिटारवादक पूर्वीं 'येस' नांवाच्या मंडळांत होते. त्या मंडळानें १९७३ सालीं 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा दोन तबकड्यांचा संग्रह काढला. त्याच्या चार बाजूंवर चारच रचना, प्रत्येक सुमारें वीस मिनिटांची. आणि त्यांचा आधार, श्रुति, स्मृति, पुराण व तंत्र! परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रांतील एका तळटीपेवरून ही कल्पना सुचली. हें ऐकून आम्ही थक्कच झालों. ढोल वाजविणारे कार्ल पामर हे 'इमर्सन, लेक अँड पामर' या त्रयींतले. त्यांच्या १९७१ मधील 'टार्कस' या रचनेनें तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापली आहे. गायक व बेस गिटारवादक जॉन वेटन हे 'किंग क्रिम्सन'मधून आलेले. त्या मंडळाच्या १९७४ च्या 'रेड' या तबकडीवरील शेवटचें गीत बारा मिनिटें चालतें. एकटे जेफ डाऊन्स कांहीं काळ 'येस'मध्यें असले तरी त्यांचें पहिलें यश सोप्या गाण्याचें. 'बगल्स' या जोडीचें त्यांचें १९७९ चें गीत फार लोकप्रिय झालें, आणि अमेरिकेंत १ ऑगस्ट १९८१ रोजीं एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, तेव्हां प्रथम दाखविलें तें त्याचेंच चित्रण.

मध्यंतरीं काळ पालटला होता. वीस मिनिटें स्वस्थ बसून ऐकणारा श्रोता कमी झाला. अमेरिकेंतील रेडिओ केंद्रांना चार-पांच मिनिटांचें गाणें हवें होतें. मोटार हांकणाऱ्यासही पहिल्याच वेळीं ज्याचें ध्रुवपद पाठ व्हावें असें. या चौघांनीं तें मान्य केलें. 'एशिया'वर नऊ गाणीं, सर्व मिळून सुमारें चव्वेचाळीस मिनिटें. सहा मिनिटांचें एकही नाहीं. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादींत ही तबकडी नऊ आठवडे अग्रस्थानीं होती, आणि त्या वर्षाच्या एकंदर यादींतही पहिली ठरली. टीकाकारांनीं मात्र नाकें मुरडलीं: एवढे पट्टीचे वादक, आणि हें काय गातात!

आम्हीं ती तबकडी तीनदां ऐकली. आमच्या साहित्यशास्त्रांत माधुर्य, ओज व प्रसाद असे तीन गुण सांगितले आहेत. रॉक संगीत म्हणजे ओजाचा बाजार, अशी आमची समजूत होती. ओज येथें आहेच. 'वाइल्डेस्ट ड्रीम्स' हें युद्धाच्या भयाचें गीत. त्यांत पामर यांचे हात ढोलावर असे तुटून पडतात कीं माजघरांतील फडताळावरचीं भांडीं वाजूं लागलीं. पण 'ओन्ली टाइम विल टेल' सुरू होतें तें डाऊन्स यांच्या वाद्यांतून तुताऱ्यांसारख्या निघणाऱ्या सुरांनीं, आणि पाठोपाठ वेटन यांचा भरदार, किंचित् दुखावलेला आवाज येतो; तेथें माधुर्य आहे. 'हीट ऑफ द मोमेंट' ही तर एका पुरुषानें आपल्या प्रियेची मागितलेली क्षमा. कडव्यांत तो एकटा बोलतो. ध्रुवपदांत अनेक आवाजांचे थर एकावर एक चढतात, आणि एकाची चूक जणूं सर्वांची होते. हाऊ यांची गिटार ओळींच्या फटींतून दोन-चार स्वरांचें उत्तर देते व बाजूला सरते. वीस मिनिटें वाजवूं शकणाऱ्यानें दोन-चार स्वरांवर थांबावें, याला संयम लागतो.

या सर्वांवर आहे तो प्रसाद. वाळल्या सरपणांत विस्तव पसरतो तसा जो चित्तांत तत्काळ पसरतो, त्या गुणास मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त हें नांव दिलें, आणि कोणताही रस त्यास वर्ज्य नाहीं असें मानलें. त्याचें प्रत्यंतर घरांतच मिळालें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमचें कुटुंब तांदूळ निवडीत बसलें होतें व तेंच ध्रुवपद गुणगुणत होतें. शब्द एकही धड नव्हता, पण चाल बिनचूक होती. श्रुति-स्मृतींच्या त्या चार बाजू पुतण्यानें यापूर्वीं अनेकदां लावल्या आहेत; त्यांतील एकही सूर स्वयंपाकघरापर्यंत पोंचलेला आम्हांस आठवत नाहीं.

येथें आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या शाळेंत दुसऱ्या तुकडीला संस्कृत शिकविणारे एक गृहस्थ होते. ते आधीं गोष्ट सांगत, श्लोक चालीवर म्हणवून घेत, आणि मग हळूच विभक्ति पुढें करीत. त्यांच्या वर्गांतून हंसण्याचा आवाज आमच्या वर्गांत येई. आम्हीं शिक्षकांच्या खोलींत त्यांचें नांव 'बाळबोध पंडित' ठेविलें होतें. आमच्या मुलांना गुण अधिक मिळत, याचा आम्हांस अभिमान होता. निवृत्तीनंतर जुने विद्यार्थी भेटूं लागले, तेव्हां कळलें कीं त्यांच्या तुकडींतले कित्येक अजून हौसेनें 'मेघदूत' उघडतात. आमच्या तुकडींतल्यांनीं परीक्षा संपतांच पुस्तकें रद्दींत घातलीं. ते गृहस्थ आमच्याइतकेंच, कदाचित् अधिकच, व्याकरण जाणत होते. तें दाखविण्याची त्यांना गरज वाटत नसे, इतकेंच. हें त्यांना सांगावें असें फार मनांत होतें, पण ते वारले आणि सांगावयाचें राहून गेलें.

तर मग सोपें तें सर्व चांगलें काय? नाहीं, पुतण्याचा पक्ष अगदींच दुबळा नाहीं. १९८३ सालीं याच चौघांनीं 'अल्फा' नांवाची दुसरी तबकडी काढली. पहिलींतील अनेक गाण्यांच्या रचनेंत हाऊ यांचा हात होता; दुसरींत बहुतेक गाणीं वेटन व डाऊन्स यांचींच. चाली गोड आहेत, पण आंतला पीळ सैल झाला आहे. पहिल्या तबकडीइतका खपही झाला नाहीं, आणि त्याच वर्षीं वेटन मंडळांतून बाहेर पडले. आमच्या मतें पहिल्या तबकडीचें सोपेपण दहा वर्षांच्या कठीण तालमींतून पिकून आलें होतें. दुसऱ्या वेळीं तें यशाची युक्ति म्हणून योजिलें गेलें. पहिला द्राक्षापाक, दुसरें नुसतें साखरपाणी. चौघे २००६ सालीं पुन्हा एकत्र आले. वेटन ३१ जानेवारी २०१७ रोजीं निवर्तले.

पुतण्याशीं आमचा तह झाला आहे. येत्या रविवारीं आम्हीं त्या वीस-वीस मिनिटांच्या चारही बाजू, मध्यें न उठतां, ऐकावयाच्या. त्यानें मग 'एशिया' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावयाची, आणि 'बाजारी' हा शब्द उच्चारावयाचा नाहीं. कुटुंबाचें म्हणणें एवढेंच, कीं ती दुसरी तबकडी आधीं लावा, म्हणजे स्वयंपाक लवकर उरकेल.