सुट्टीच्या दिवशीचं उत्तर



आमगावात घरी बसून गोंदिया-नागपूरच्या कार्यालयांचं अर्धवेळ काम आपल्यातल्या काही जणी करतात. पगार तीन दिवसांचा, ईमेलला उत्तरं मात्र सातही दिवस. उत्तर दिलं नाही तर उद्धटपणा वाटेल, म्हणून पोळ्या लाटतानाही नजर फोनवरच. माझं मत स्पष्ट आहे: ज्या दिवसाचे पैसे नाहीत, त्या दिवशी उत्तर यंत्रानं द्यावं.

जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘व्हेकेशन रिस्पॉन्डर’ असतो. पहिला दिवस आणि निरोप भरला की तो आपोआप उत्तर पाठवतो. पण तो लांब सुट्टीसाठी बनवलेला. ‘दर गुरुवार ते शनिवार’ असं त्यात सांगता येत नाही. दर आठवड्याला तारखा कोण भरत बसणार?

यावर मला सोपा उपाय दिसतो. शेवटचा दिवस भरूच नका, रिस्पॉन्डर कायम चालू ठेवा. निरोप मात्र रोज खरा ठरेल असा लिहा: ‘मी सोमवार ते बुधवार काम करते. इतर दिवशी आलेल्या मेलला सोमवारी उत्तर देईन. तातडीचं असल्यास कार्यालयात फोन करावा.’ एकाच माणसाला हे उत्तर चार दिवसांत एकदाच जातं, त्यामुळे कुणाला त्रास नाही. फक्त ओळखीच्या पत्त्यांनाच पाठवायची सोयही त्यात आहे.

आधी साहेबांना सांगून ठेवा. मग त्या तीन दिवसांत फोन बाजूला ठेवायचा, आणि तोही अपराधी न वाटता.