अडलेली आज्ञावली

वाचकहो, संगणकात एखादी नवी आज्ञावली बसवावयास जावे आणि पडद्यावर नकाराची सूचना यावी, हा अनुभव आता घरोघरी येतो. अशा वेळी यंत्रावर रागावण्यापूर्वी नकाराचे कारण वाचावे. विंडोज प्रणालीत ती बहुधा तीन असतात.

सूचना प्रशासकाचा पासवर्ड मागत असेल, तर आपले खाते मर्यादित अधिकाराचे आहे. घरात ज्याच्याकडे तो अधिकार असेल त्याच्याकडूनच काम करवून घ्यावे. केवळ मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील आज्ञावली चालतील असे म्हटले असेल, तर संगणक ‘एस मोड’मध्ये आहे. त्यातून बाहेर पडण्यास पैसे पडत नाहीत; परंतु परतीची वाट नाही, म्हणून विचार करूनच बाहेर पडावे.

तिसरा पहारेकरी ‘स्मार्टस्क्रीन’. विंडोजच्या आठव्या आवृत्तीत, २०१२ साली, तो प्रणालीचाच भाग झाला. अपरिचित फाइल तो अडवितो. अपरिचित ते सारे घातक नव्हे, तसेच निर्धोकही नव्हे. ती फाइल पुसून मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरून पुन्हा घ्यावी. ‘मोअर इन्फो’ दाबताच प्रकाशकाचे नाव दिसते. ते अपेक्षित असेल तरच ‘रन एनीवे’ निवडावे.

मात्र कोणी अनोळखी मनुष्य दूरध्वनीवरून ‘अँटीव्हायरस जरा बंद करा’ असे सांगू लागला, तर तेथेच थांबावे. संसाराची पुंजी त्याच यंत्रातून हाताळली जाते. पैशांची फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. तेथे संकोच नसावा.