उमेदवाराचे मत आणि आमचा बाजार

नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देण्यापूर्वी आमचा व्यापारी बांधव चार ठिकाणी चौकशी करतो. मागचा व्यवहार कसा होता, चेक कधी परत गेला होता का, वायद्याला पैसे पोचतात का. खाते पाहिल्याशिवाय तो दहा हजारांचा माल सोडत नाही. तोच माणूस मत देताना मात्र खाते पाहत नाही, अशी तक्रार आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो. आता तरुण मंडळींनी त्यावर उपाय काढला आहे. अमुक विधेयकावर अमुक पक्षाने काय मत दिले याची यादी करायची आणि त्यावरून हा उमेदवार समाजाचा, तो समाजाचा नव्हे, असा निकाल द्यायचा. देवगड-जामसंड्याच्या बाजारपेठेतही निवडणूक जवळ आली की हा हिशेब मांडला जाणारच.

कल्पना वाईट नाही. परंतु खाते वाचायचे तर त्यात काय लिहिले जाते आणि काय लिहिलेच जात नाही, हे आधी ठाऊक हवे.

संसदेत आणि विधानसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल ‘नाही’ म्हणतात आणि अध्यक्ष निकाल सांगतात. कागदावर कोणाचेही नाव येत नाही. सदस्यांनी मतविभागणी मागितली आणि ती मिळाली, तरच कोण कोणत्या बाजूला होता हे छापले जाते. हापूसच्या बागायतदाराला हे फार समजावून सांगायला नको. मुंबईच्या घाऊक फळबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. इकडे गावात येई ती दलालाची पट्टी. हमाली, गाडीभाडे, दलाली वजा होऊन उरलेला आकडा तिच्यावर असे. कोणी किती बोली केली होती, हे पट्टीवर कधी आले नाही.

आता आमच्या पोटापाण्याशी संबंध असलेले कायदे घ्या. बाजार समितीच्या आवाराबाहेर शेतमालाचा व्यापार खुला करणारे विधेयक सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत आले. वाशीला पेट्या पाठवणाऱ्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध होता. लोकसभेत ते आवाजी मतदानाने संमत झाले. राज्यसभेत २० सप्टेंबरला विरोधकांनी मतविभागणी मागितली, गोंधळ झाला, तरी तेथेही आवाजी मतदानच झाले. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तिन्ही कृषी कायदे रद्द झाले, तेही चर्चेविना आणि आवाजी मतदानानेच. म्हणजे कायदा आला आणि गेला, पण आमच्या खासदाराच्या नावापुढे ना जमा, ना नावे.

जीएसटीचे उदाहरण याच्या उलट आहे. ती घटनादुरुस्ती असल्यामुळे मते मोजावीच लागली. ८ ऑगस्ट २०१६ रोजी लोकसभेत ४४३ मते बाजूने पडली, विरोधात शून्य. नोंद आहे, पण सगळेच एका बाजूला. लहान दुकानदाराला विवरणपत्रांचा जो ताप पुढे झाला, त्याची जाणीव तेव्हा कोणाला होती हे त्या आकड्यातून कसे कळणार?

काही निर्णयांत तर मतदानाचा प्रश्नच येत नाही. आंब्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी आणि फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा करावा, हे राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये प्रथम अध्यादेशाने केले. पर्ससीन मासेमारीवरचे निर्बंध ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासकीय आदेशाने आले. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळाले ते नोंदणी कार्यालयाकडून. त्यामागे जामसंड्याच्या देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेसारख्या संस्थांचे आणि कोकण कृषी विद्यापीठाचे कष्ट होते. कोणत्याही सभागृहात त्यासाठी हात वर झाला नाही.

मग नावानिशी नोंद राहते कशाची? बहुतांशी भांडणाच्या विषयांची. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मते पडली. वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल २०२५ मध्ये २८८ विरुद्ध २३२. आमच्या याद्या याच दोन-चार नोंदींवर उभ्या असतात, आणि समाजाला त्यांचे महत्त्व वाटणे स्वाभाविक आहे. वक्फच्या गाळ्यात दुकान चालवणाऱ्याला तर तो भाडेपट्ट्याचाही प्रश्न आहे.

पण याच नोंदी आमच्या मतदारसंघापुरत्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. २०१९ साली रत्नागिरी-सिंधुदुर्गची जागा शिवसेनेकडे होती, खासदार विनायक राऊत. नागरिकत्व विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला. दोनच दिवसांनी राज्यसभेत हाच पक्ष मतदानाच्या वेळी सभागृहाबाहेर गेला. मधल्या काळात विधेयकाचा मजकूर बदलला नव्हता. महाराष्ट्रात काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबरचे नवे सरकार नुकतेच बसले होते. पुढे पक्ष फुटला. एप्रिल २०२५ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने वक्फ विधेयकाविरुद्ध मत दिले, शिंदे यांच्या शिवसेनेने बाजूने. तोवर आमची जागा २०२४ मध्ये नारायण राणे यांच्या रूपाने भाजपकडे गेली होती आणि भाजपने सर्व सदस्यांना व्हीप काढला होता.

यावरून कोणाची बांधिलकी सिद्ध झाली? आमच्या मते, त्या त्या वेळच्या युतीची. २०१९ ची नोंद पाहून ज्याने शिवसेनेला कायमचे खोडले, आणि २०२५ ची पाहून ज्याने तिला कायमचे जवळ केले, त्या दोघांनीही एकच चूक केली. पक्षाची उलाढाल त्यांनी माणसाच्या खात्यावर मांडली.

व्हीपची सबब मात्र आम्ही पुरती मान्य करत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार व्हीप मोडून मत दिले किंवा गैरहजर राहिले तर सदस्यत्व जाऊ शकते, हे खरे. पण तोंड उघडायला बंदी नाही. कृषी विधेयकांच्या वेळी हरसिमरत कौर बादल यांनी केंद्रातले मंत्रिपद सोडले होते. तेवढी अपेक्षा सगळ्यांकडून करता येत नाही. चर्चेत दोन वाक्ये बोलणे, दुरुस्ती सुचवणे, मतदानानंतर मतदारसंघात येऊन लोकांसमोर बसणे, एवढे तरी कोणालाही करता येते. मत पक्षाचे असते हे मान्य केले, तरी गप्प राहणे ज्याचे त्याचेच असते.

कोकणाने याबाबतीत मोठी माणसे पाहिली आहेत. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै यांनी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी स्वतःच्या नावाने विधेयक मांडले. त्यांच्या हयातीत ते संमत झाले नाही. मतांच्या यादीत पाहिले तर खाते रिकामे, तरी त्या विधेयकावरची चर्चा देशभर गाजली. त्यांच्यानंतर राजापूर मतदारसंघातून मधू दंडवते १९७१ पासून पाच वेळा निवडून आले. त्यातली बरीच वर्षे ते विरोधी बाकांवर होते, म्हणजे त्यांची मते पडत ती बहुधा हरणाऱ्या बाजूला. केवळ मतदानाची यादी काढली तर हा माणूस मतदारसंघासाठी काहीच मिळवू शकला नाही असे वाटेल. प्रत्यक्षात १९७७ नंतर ते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. ते अर्थमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, आणि १९९८ मध्ये ती रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. कणकवली स्थानकावर उतरून देवगडकडे येणाऱ्या आमच्या चाकरमान्याला हे कोणी सांगावे लागत नाही. (त्याच मतदारसंघाने १९९१ मध्ये त्यांना पाडले, हेही लिहून ठेवले पाहिजे. मतदाराचेही एक खाते असते.)

आणखी एक अडचण आमच्या घरातलीच आहे. ‘समाजाचे हित’ असे आपण एका दमात म्हणतो, पण बाजारात ते एक नसते. पर्ससीनच्या निर्बंधांचेच पाहा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर मुसलमान कुटुंबे दोन्ही बाजूंना आहेत, काही मोठ्या नौकांचे मालक, काही छोट्या होड्यांवर जगणारी. आडत खरेदीदाराकडे गेली तेव्हा कलमे असलेला खूश झाला आणि आंब्याचा व्यापार करणारा नाराज. आमदाराने हात वर केला असता तरी आमच्यापैकी निम्म्यांनी त्याला शिव्या घातल्या असत्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मुसलमान सुमारे ३ टक्के आहेत. आमचे गिऱ्हाईक, आमचे पुरवठादार, आमच्या शेजारचे दुकान, सारे बहुतेक इतर समाजांचे. त्यांच्या हितापासून आपले हित तोडून मोजणारी यादी दुकानदाराच्या फारशी कामाची नाही.

हे सारे झाले दिल्ली-मुंबईचे. आमच्या दारातली नोंद मात्र आम्ही उघडूनही पाहत नाही. देवगड-जामसंडे नगरपंचायतीचे १७ प्रभाग आहेत. जानेवारी २०२२ च्या निकालात निवडून आलेल्यांची पाच वर्षांची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते. घरपट्टी किती, पाणी किती वेळ, गाळ्यांचे भाडे आणि लिलाव कसा, रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्याला जागा कोठे, कचरागाडी बाजारपेठेत किती वाजता, हे सारे तेथे ठरते. येथेही व्हीप असतो. स्थानिक संस्थांसाठी १९८६ चा वेगळा अनर्हता कायदा आहे. पण सभेतला प्रत्येक विषय काही व्हीपचा नसतो. गटाराच्या कामावर पक्षश्रेष्ठींचा आदेश येत नाही.

आणि येथे नावे लिहिली जातात. सभेच्या इतिवृत्तात ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात. हजेरी असते. विरोध नोंदवला असेल तर तोही असतो. पाच वर्षांत एखादा नगरसेवक किती सभांना आला, किती ठरावांचा सूचक झाला, गाळ्यांच्या भाड्याचा विषय निघाला तेव्हा काय म्हणाला, हे वाचायला कोणाची ओळख लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागतो, त्याला १० रुपये पडतात, आणि झेरॉक्सचे वेगळे. दोन-तीन दुकानदारांनी मिळून इतिवृत्ते मागवली तर एका दुपारी वाचून होतील. उमेदवार मते मागायला बाजारपेठेत येईल तेव्हा ती गल्ल्याजवळच असावीत.